ताण, यकृत आणि अफ्लाटॉक्सिन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णाला भेटायला आलेले लोक हमखास म्हणतात, ‘फार मनाला लावून घेतलंत, त्याचंच हे.’ आजारपणात वर अपराधीपणाची भर पडते. ताणाची संप्रेरकं आणि कर्करोगकारक रसायनं यांचा संबंध आहे, पण तो इतका सरळ नाही. अफ्लाटॉक्सिनच्या उदाहरणावरून तो नीट कळतो.

गैरसमज : यकृतातला डीएनए ताणामुळेच बिघडतो.

वस्तुस्थिती : इथे घाव घालतं ते अफ्लाटॉक्सिन. नीट न वाळवलेल्या मक्यावर, शेंगदाण्यांवर वाढणारी बुरशी ते तयार करते. 1974 मध्ये राजस्थान-गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात असा मका खाऊन यकृत निकामी झालं आणि शंभरावर माणसं दगावली. थोडं थोडं विष वर्षानुवर्षं पोटात जात राहिलं, तर कर्करोगाचा धोका वाढतो.

गैरसमज : यकृत विष मोडून टाकतं, मग भीती कसली?

वस्तुस्थिती : मूळ अफ्लाटॉक्सिन डीएनएला चिकटत नाही. यकृतातली सायटोक्रोम पी450 विकरंच त्याला जहाल रूप देतात. ते रूप डीएनएमधल्या ग्वानिनला चिकटतं. त्याआधी यकृताच्या पेशींतल्या ग्लुटाथायोन या रेणूने त्याला गाठलं, तर ते निरुपद्रवी होऊन शरीराबाहेर जातं. नुकसान किती, हे या चढाओढीवर ठरतं.

गैरसमज : ताण वाढला की नुकसान वाढणारच.

वस्तुस्थिती : संप्रेरकं या चढाओढीत ढवळाढवळ करतात, हे खरं. अ‍ॅड्रेनॅलिनमुळे उंदरांच्या यकृतातलं ग्लुटाथायोन घटतं. कॉर्टिसॉलच्या वर्गातली संप्रेरकं सीवायपी3ए4 या सायटोक्रोम पी450 गटातल्या विकराचं प्रमाण वाढवू शकतात. पण हेच विकर अफ्लाटॉक्सिनपासून जहाल रूप बनवतं, तसं बरंच सौम्य रूपही बनवतं. म्हणून केवळ ताणावरून निकाल सांगता येत नाही.

गैरसमज : प्राण्यांत दिसलं ते माणसातही घडतं.

वस्तुस्थिती : प्रयोगशाळेतल्या रॅटला अफ्लाटॉक्सिनमुळे सहज कर्करोग होतो, माउस मात्र बराच तग धरतो, कारण त्याची ग्लुटाथायोनची यंत्रणा जास्त कार्यक्षम असते. दोन जातींच्या उंदरांतच एवढा फरक असेल, तर माणसाबद्दल घाईने बोलू नये. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, युरोपातल्या सुमारे 1 लाख 16 हजार लोकांच्या अभ्यासात कामाचा ताण आणि एकूण कर्करोग यांचा संबंध आढळला नाही.

गैरसमज : मन शांत ठेवलं आणि दाणे भाजून खाल्ले की झालं.

वस्तुस्थिती : घरच्या भाजण्या-शिजवण्याने अफ्लाटॉक्सिन पूर्ण नष्ट होत नाही. ताण कमी करणं झोपेसाठी, हृदयासाठी चांगलंच. यकृत वाचवायचे उपाय मात्र वेगळे आहेत. धान्य खडखडीत वाळवून साठवा. बुरशी आलेले, सुरकुतलेले, कडवट लागणारे दाणे टाकून द्या. हिपॅटायटिस बीची लस घ्या. शांघायमधल्या अभ्यासात हिपॅटायटिस बीचा संसर्ग आणि अफ्लाटॉक्सिन एकत्र आल्यावर यकृताच्या कर्करोगाचा धोका सुमारे 60 पट दिसला होता. आणि आजारी माणसाच्या स्वभावात आजाराचं कारण शोधू नका.