बाळंतिणीची खोली आणि धूर

बाळंतिणीची खोली कशी असते, ते आपणां सर्वांना ठाऊक आहे. दार लावलेले. खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या. बाजेखाली शेगडी. बाळाला न्हाऊ घातले की निखाऱ्यावर ओवा, शेपा, लसणाची सालं टाकायची आणि बाळाला धुरीवर धरायचे. बाळ ठसकते, रडते. म्हाताऱ्या म्हणतात, "रडू द्या, छाती मोकळी होते."

यातली एक गोष्ट खरी आहे. नव्या बाळाला ऊब पाहिजेच. आईच्या पोटातून बाहेर आले की त्याचे अंग भराभर गार पडते. वजन अडीच किलोहून कमी असेल तर जास्तच. म्हणून आम्ही आपल्या आज्यांना अडाणी म्हणणार नाही. पण ऊब वेगळी आणि धूर वेगळा.

मोठा माणूस मिनिटाला साधारण 15 वेळा श्वास घेतो. तान्हे बाळ 40 ते 60 वेळा घेते. त्याच्या श्वासनळ्या अगदी बारीक असतात. धुराची काजळी तिथे गेली की आतून सूज येते, आणि न्यूमोनियाला वाट मिळते.

निखारे लाल झाले, धूर दिसेना, की आपण निश्चिंत होतो. पण धोका तेव्हाही असतो. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्त प्राणवायू वाहून नेते. हा वायू त्याची जागा बळकावतो. प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट तो रक्ताला चिकटतो. बंद खोलीत शेगडी ठेवून निजलेली माणसे झोपेतच दगावतात, ती यामुळे.

कोणी म्हणेल, "आमची सहा पोरं याच धुरीत वाढली, काय बिघडलं?" वाढली ती डोळ्यांपुढे आहेत. न वाढलेली कोण मोजतो? शिवाय तेव्हाचे घर कौलारू होते, फटींतून धूर निघून जाई. आता घर सिमेंटचे, वर स्लॅब. धुराने जावे कुठून?

बाळ पोटात असतानाही हा वायू आईच्या रक्तातून त्याच्यापर्यंत पोचतो. धुरात राबणाऱ्या बायांची मुले वजनाला कमी भरतात, असे पुष्कळ ठिकाणी दिसून आले आहे. 2016 साली उज्ज्वला योजना निघाली, घरोघर गॅस आला. तरी सिलिंडर पुरवायचा म्हणून पाण्याचा हंडा चुलीवरच चढतो. चढू द्या, पण ती चूल अंगणात मांडा. लाकूड वाळलेले घ्या. पेटवायला प्लास्टिकची पिशवी घालू नका; तो धूर फार वाईट. आणि बाळाजवळ विडी नकोच.

मग ऊब कशी द्यायची? 1978 साली कोलंबिया देशातील बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांच्या दवाखान्यात काचेच्या पेट्या कमी पडत होत्या. त्यांनी अशक्त बाळे आईच्या उघड्या छातीशी ठेवली. आईच्या अंगाची ऊब पुरली. आता आपल्या सरकारी दवाखान्यांतही हेच शिकवतात. बाळाला कोरडे पुसावे, टोपडे घालावे, छातीशी उभे धरून वरून लुगडे गुंडाळावे. पहिला दिवसभर न्हाऊ घालू नये. आई थकली तर बापाने धरावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

बाळाचा श्वास शांत असतानाही 60 च्या वर गेला, बरगड्यांखाली खळगा पडू लागला किंवा ते दूध ओढेनासे झाले, तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन लावा.