सिमेंट वेगळे, काँक्रीट वेगळे

भिलाईजवळच्या जामुलला एसीसीच्या कारखान्यात तयार होते ते सिमेंट. गोणीतली करडी, पिठासारखी बारीक पूड. तिच्यात वाळू, खडी आणि पाणी मिसळले की होते ते काँक्रीट. खडी वगळली, तर तो विटा सांधण्याचा आणि गिलाव्याचा माल. वजनाने पाहिले तर काँक्रीटमध्ये सिमेंट साधारण आठव्या ते दहाव्या हिश्शाइतकेच असते, बाकी बहुतेक खडी आणि वाळू. तरीही आपण सर्रास ‘सिमेंटचा रस्ता’ म्हणतो.

बोलताना अर्थ कळतो, मग काटेकोरपणा कशाला, असे कोणी विचारेल. गप्पांपुरते ते मान्य. पण स्लॅबला तडा गेला की ‘सिमेंट खराब होते’ म्हणून आपण मोकळे होतो आणि जास्त पाणी, मातकट वाळू, अपुरी कुटाई हे काँक्रीटमधले खरे दोष तपासायचे राहून जातात. नुसते ‘सिमेंट’ म्हणूनही भागत नाही, कारण त्याचेही प्रकार असतात. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या झोतभट्टीतली मळी (स्लॅग) पाण्याने झटकन थंड करून, वाळवून, दळून जामुलच्या स्लॅग सिमेंटमध्ये घालतात. अशा मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला भारतीय मानक ४५६ प्रमाणे किमान १० दिवस पाणी मारावे लागते, साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७. कोरड्या, कडक उन्हात मात्र दोन्हींना १०. तेव्हा गोणीवरचा सिमेंटचा प्रकार आधी वाचा आणि मगच पाणी कधी थांबवायचे ते ठरवा.