महिने भरले, आता वाट पाहणे

गळीत हंगाम आणि बाळंतपण यांची गाठ आपल्या भागात नेहमीच पडते. घरधनी तोडीच्या मागे, ट्रॅक्टर वजनकाट्यावर आणि घरात नववा महिना लागलेली सून, नाहीतर माहेरी आलेली लेक. या दिवसांत काय करावे व काय टाळावे, हे सभासद बंधू-भगिनींपुढे आम्ही थोडक्यात मांडत आहोत.

दवाखान्यात मिळणारी तारीख शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून ९ महिने ७ दिवस धरून काढतात. तो अंदाजच. बरोबर त्याच दिवशी बाळंत होणाऱ्या थोड्याच. ३७ आठवडे भरल्यापासून ४२ आठवड्यांपर्यंत केव्हाही कळा सुरू होतात. तोडीचा प्रोग्रॅम चार दिवस मागेपुढे होतो, तसेच हे. तारीख टळली म्हणून घाबरू नये, पण तपासणीही चुकवू नये. ४१ आठवडे होऊनही कळा नसतील, तर पुढचे डॉक्टरांनी ठरवायचे. घरी एरंडेल पाजणे किंवा कुणाकडून तरी कळांचे इंजेक्शन टोचून घेणे जिवावर बेतते.

खऱ्या कळा ठरावीक अंतराने येतात, वाढत जातात आणि आडवे झाले तरी थांबत नाहीत. मग निघायला उशीर नको. अंगावरून रक्त जाणे, पाणमोट फुटणे, डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, झटके किंवा ताप असेल, तर कळांची वाटसुद्धा पाहू नये. “दिवस भरले की पोर गप्प राहतं” असे घरात म्हणतात, ते खरे नाही. बाळाची हालचाल कमी वाटली, की त्याच घटकेला दवाखाना गाठावा.

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आपल्या राज्यात २०१४ पासून मोफत येते. सरकारी दवाखान्यातील बाळंतपण, सिझेरियन व औषधे २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणे मोफत आहेत.

आता मुद्द्याचे. आपल्या फडात कोयता चालवणारी बाईसुद्धा दिवस भरलेली असू शकते. ती परमुलखात, कोपीत राहते. दवाखाना कुठे, रात्री हाक कुणाला मारायची, तिला ठाऊक नसते. उचल घेतलेली, खाडा परवडत नाही, म्हणून ती बोलतही नाही. तेव्हा टोळी आली की मुकादमाला आपणच विचारावे. अशा बाईला मोळी घेऊन फळीवर चढू देऊ नये. तिची गाठ आशाताईंशी घालून द्यावी. आपला फोन नंबर कोपीवर द्यावा. गट नंबर सांगून रुग्णवाहिका फडात पोचत नाही. डांबरी रस्त्यावर बॅटरी घेऊन माणूस उभा करावा. गाडीला उशीर होणार असेल, तर आपली जीप काढावी.

उसाची खेप एक दिवस मागे पडली तर वजनात थोडी घट येईल. बाईला उशीर झाला, तर ती घट भरून निघत नाही.