दाभोसा धबधब्यात उडी मारणं जिवावर का बेततं?

मे 2024 मध्ये जव्हारजवळच्या दाभोसा धबधब्याचा एक व्हिडिओ व्हायरल झाला. फिरायला आलेल्या तरुणांनी कड्यावरून डोहात उड्या मारल्या. बातम्यांनुसार ही उंची सुमारे 120 फूट होती. एकाचा मृत्यू झाला, दुसरा जखमी झाला.

पाण्यात पडून इतकं कसं लागतं?

ऑलिम्पिकमधली सर्वात उंच उडी 10 मीटरवरून असते. तिथून पाण्यावर आदळताना वेग ताशी 50 किलोमीटर होतो. 120 फुटांवरून तो 95 च्या आसपास जातो. एवढ्या वेगात पाण्याला बाजूला सरायला वेळच मिळत नाही. फटका बरगड्यांना, मणक्याला, फुप्फुसांना बसतो. शुद्ध हरपली तर पट्टीचा पोहणाराही बुडतो.

मग रीलमधले लोक कसे वाचतात?

हाय डायव्हिंगच्या स्पर्धेत पुरुष 27 मीटरवरून उडी मारतात. पण त्यामागे वर्षानुवर्षांचा सराव असतो, पाण्याची खोली मोजलेली असते आणि खाली बचावपटू तयार असतात. डोहाच्या तळाशी कुठे खडक आहे, हे वरून दिसत नाही.

पावसाळ्यात जाताय?

वरच्या भागात पाऊस झाला की इथे ऊन असतानाही लेंढी नदीचं पाणी अचानक वाढू शकतं. पाणी गढूळ झालं की लगेच बाहेर या. गावकऱ्यांनी अडवलं तर ऐका. कुणी बुडत असेल तर मागोमाग उडी मारू नका. दोर किंवा लांब काठी टाका आणि 112 वर फोन करा.