टीबीच्या औषधांसोबतची ती छोटी गोळी

काल दुकानात नेहमीच्या काकू आल्या. टीबीचे उपचार सुरू होऊन दोन महिने झालेत. "तळपायांना मुंग्या येतात रे. आणि ती व्हिटॅमिनची गोळी मी बंदच केली, उगाच कशाला?"

फार्मासिस्ट म्हणून सांगतो, ती गोळी उगाच नसते.

टीबीवरच्या आयसोनियाझिडमुळे शरीरातलं बी-६ जीवनसत्त्व कमी पडतं. मग नसांना इजा होते, हातापायांना मुंग्या येतात, आग होते. म्हणून सोबत पायरिडॉक्सिन, म्हणजेच बी-६ देतात. मधुमेह, गरोदरपण किंवा कुपोषण असेल तर धोका अधिक.

पण मनानं डोस वाढवूही नका. जास्त बी-६ दीर्घकाळ घेतल्यानंही नसा दुखावतात.

मुंग्या आल्या तर टीबीची औषधं थांबवू नका, लगेच डॉक्टरांना सांगा.