सायबर फसवणुकीची शब्दावली
दूरध्वनी व आंतरजालावरून होणाऱ्या फसवणुकीसंबंधी मराठीत रूढ झालेल्या इंग्रजी शब्दांना सायबर फसवणुकीची शब्दावली म्हणता येईल. 'ओटीपी' हा एकदाच वापरता येणारा परवलीचा अंक असून तो दुसऱ्यास सांगणे म्हणजे व्यवहारास संमती देण्यासारखे आहे. 'यूपीआय पिन' पैसे पाठविताना लागतो, स्वीकारताना नाही. 'केवायसी' म्हणजे ग्राहकाची ओळखपडताळणी. 'फिशिंग' हा शब्द मासेमारीवाचक इंग्रजी शब्दावरून आला असून बनावट दुव्याचा गळ टाकून माहिती काढून घेणे, असा त्याचा अर्थ आहे. 'डिजिटल अरेस्ट' नावाची अटक भारतीय कायद्यात अस्तित्वातच नाही. रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर तालुक्यांतील रहिवाशांना फसवणूक होताच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर किंवा स्थानिक पोलीस ठाण्यात तक्रार करता येते.