मेगावॉट सारखे, वीज वेगळी

- खास प्रतिनिधी

फेब्रुवारी २०१३ मध्ये परळी वैजनाथ येथील औष्णिक वीज केंद्र बंद पडले. त्या वर्षीच्या दुष्काळात केंद्राला पाणी पुरविणारा गोदावरीवरील खडका बंधारा आटला आणि पाण्याअभावी १,१३० मेगावॉट क्षमतेचे संच थांबवावे लागले. जुलै २०१५ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. त्याच दिवसांत मराठवाड्यावर ऊन मात्र भरभरून तळपत होते. कोळशाची वीज आणि सूर्याची वीज यांची तुलना करताना परळीचा हा अनुभव विसरता येत नाही.

ऊर्जास्रोतांची विभागणी एका साध्या प्रश्नावर होते. आपण वापरतो त्या वेगाने निसर्ग तो साठा पुन्हा भरून देतो का? वर्धा खोऱ्यातील दगडी कोळसा सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींपासून तयार झाला. तो जाळायला एक शतकही पुरे आहे. खनिज तेल आणि नैसर्गिक वायू यांचीही हीच गत. तारापूरच्या अणुवीज केंद्रातून धूर निघत नाही. परंतु त्याचे इंधन असलेले युरेनियमही खाणीतूनच येते. ऊन, वारा आणि पावसाचे पाणी दरवर्षी नव्याने मिळते, म्हणून ती अक्षय ऊर्जा.

एका दिवसाचा हिशेब

कोळशावर चालणारा ५०० मेगावॉटचा एक संच चोवीस तास पूर्ण क्षमतेने चालला तर १ कोटी २० लाख युनिट वीज मिळते. भारतीय कोळशाच्या दर्जानुसार एका युनिटसाठी साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे दिवसाला साडेसात ते आठ हजार टन. मालगाडीच्या भाषेत दोन पूर्ण गाड्या. या कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४० टक्के असते. त्यामुळे रोज अडीच हजार टनांच्या आसपास राख उरते. शिवाय दर युनिटमागे तीन ते साडेतीन लिटर पाणी आणि हवेत मिसळणारा सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. तेथील नागरिक प्रदूषणाची तक्रार वर्षानुवर्षे का करतात, हे या आकड्यांवरून ध्यानात यावे.

सौर प्रकल्पाला इंधन लागत नाही, राख उरत नाही. पाणी लागते ते पॅनेल धुण्यापुरते. पण त्याचाही हिशेब आहे. एक मेगावॉटचा सौर प्रकल्प वर्षाला सुमारे १५ ते १६ लाख युनिट वीज देतो, तर एक मेगावॉटचा कोळशाचा संच चांगला चालल्यास त्याच्या चौपट. म्हणजे ५०० मेगावॉटच्या कोळसा संचाइतकी वीज वर्षभरात मिळवायची, तर दोन हजार मेगावॉटहून अधिक सौर प्रकल्प हवेत. मेगावॉटमागे चार ते पाच एकर धरले, तर त्यासाठी आठ ते दहा हजार एकर जमीन लागते.

देशाच्या आकड्यांतही हा फरक दिसतो. जून २०२५ मध्ये भारताच्या एकूण स्थापित क्षमतेत बिगर-खनिज इंधनांचा वाटा निम्म्यावर पोहोचला. मात्र २०२४-२५ या वर्षात प्रत्यक्ष निर्माण झालेल्या विजेपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक वीज कोळशाचीच होती. क्षमता मेगावॉटमध्ये मोजतात, बिल मात्र युनिटचे येते.

प्रश्न वेळेचा

किमतीच्या बाबतीत चित्र पालटले आहे. मे २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथील लिलावात सौर विजेचा दर युनिटला २ रुपये ४४ पैशांपर्यंत उतरला. महागड्या नाफ्त्यावर चाललेल्या दाभोळ प्रकल्पाची वीज परवडत नाही म्हणून २००१ मध्ये राज्य वीज मंडळाने घेणे थांबविली होती. इंधनाचा दर बाजारात ठरतो. उन्हाला दर नाही.

खरी अडचण वेळेची आहे. सूर्य मावळतो तेव्हाच घरोघरी दिवे लागतात. साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावरील पवनचक्क्या पावसाळ्यात जोमाने फिरतात आणि हिवाळ्यात मंदावतात. कोळशाचा संच रात्रीही चालतो. मात्र एकदा थंड झाला की पुन्हा पूर्ण भार घ्यायला त्याला अनेक तास लागतात.

ही उणीव भरून काढते ती कोयना. १,९६० मेगावॉटचा हा प्रकल्प काही मिनिटांत सुरू करता येतो, म्हणून मागणी वाढली की त्याचे पाणी सोडले जाते. पण पाणीही अमर्याद नाही. पाणीवाटप लवादाच्या निर्णयानुसार पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाणीच वापरता येते. ‘अक्षय’ म्हटलेल्या स्रोतालाही अशी वार्षिक मर्यादा असते. यावरचा एक उपाय अकोले तालुक्यातील घाटघर येथे आहे. या २५० मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पात मागणी कमी असताना खालच्या जलाशयातील पाणी वर चढवितात आणि गरजेच्या वेळी ते सोडून वीज घेतात. पाणी चढविताना खर्च झालेली सगळी वीज परत मिळत नाही. तरीही नको त्या वेळची वीज हव्या त्या वेळी वापरता येते.

शेतकऱ्याची रात्र

दिवसाच वीज मिळणे हा सौर ऊर्जेचा दोष एका ठिकाणी गुण ठरतो. राज्यात कृषिपंपांना वर्षानुवर्षे पाळीपाळीने दिवसा आणि रात्री वीज मिळत आली. रात्रीच्या पाळीत शेतकऱ्याने बॅटरी घेऊन, साप-विंचवाचे भय पत्करून पिकाला पाणी द्यायचे. पिकाला पाणी दिवसा दिले तरी चालते आणि सूर्यही दिवसाच तळपतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना याच मेळावर उभी आहे. २०१७ मध्ये ती सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. त्यात प्रकल्पासाठी भाड्याने दिलेल्या खासगी जमिनीला हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे ठरविण्यात आले.

तेव्हा कोळसा की सूर्य, या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर नाही. दिवसाची वीज उन्हावर, पावसाळ्यातली वाऱ्यावर, संध्याकाळची पाण्यावर आणि उरलेलीच कोळशावर, अशी वाटणी जितकी नीट बसेल तितका कोळसा कमी जळेल. त्यासाठी पॅनेलइतकीच साठवणुकीची सोय वाढवावी लागेल. नाहीतर पुढच्या दुष्काळातही आभाळात ऊन असेल आणि रात्रीच्या दिव्यासाठी परळीच्या बंधाऱ्याकडेच पाहावे लागेल.